तुमच्या तक्त्यात एक रकाना कमी आहे

तुमची पोस्ट वाचून एकटाच हसलो. 'शिनसेकाई योरी' या जपानी ॲनिमे मालिकेचे २५ भाग तुमचे दोनदा पाहून झालेत, कोणी कोणाला कधी संमोहित केलं याचा वहीत तक्ता आहे, रात्रीचे दोन वाजतात आणि बायको विचारते की ऑफिसचं काम एवढं कसं वाढलं. माझी वही २०० पानी होती. तेव्हा बायको नव्हती, आई विचारायची.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांनी इथूनच मागे फिरावं, पुढे सगळं फोडलेलं आहे. आणखी एक आधीच सांगून ठेवतो. माझं जपानी कामचलाऊ आहे. दोन परीक्षा पास, तिसरीत गचकलो. कुणी जाणकार असेल तर त्याने खुशाल कान धरावा.

हजार वर्षांनंतरचा जपान, मनाच्या जोरावर वस्तू हलवणारी माणसं, त्यांचं ते शांत गाव वगैरे तुम्हाला पाठच आहे, त्यात शिरत नाही. तुमचं म्हणणं असं, की नायिका साकीच्या डोक्यातून तिचा मित्र शुन पुसला गेला, तर बाकीचंही का पुसलं नसेल? ती मोठेपणी लिहून ठेवते ती हकिगतच गावाचा कारभार हाकणाऱ्या नीती समितीने तिच्याकडून वदवून घेतलेली आहे, आणि म्हणून शेवट खोटा. डोकं लावलंय, यात वाद नाही. माझंही हेच होतं, वर माझ्याकडे पाचव्या भागाचा 'पुरावा' होता. त्या भागात चित्रांची धाटणीच बदलते. मी चार पानं खरडली की हा अख्खा भाग म्हणजे रोवलेली खोटी आठवण. पुढे कळलं की त्या भागाचा दिग्दर्शक वेगळा होता. संपलं. चार पानं पाण्यात.

साकी फसवत नाही असं मला का वाटतं, तर भोकं तीच दाखवते. शुनच्या जागी दुसरा मुलगा आणून बसवलाय आणि तो तिथे नीट बसत नाही, हे तिला आणि तिच्या सातोरु या मित्राला स्वतःलाच जाणवतं. ज्याला बनाव टिकवायचा आहे तो कापड उलटं करून शिवण कशाला दाखवेल? समितीची प्रमुख तोमिको तिला आपल्या मागे नेमायचं ठरवते तेही एवढ्यासाठीच, की खरं कळलं तरी ही मुलगी मोडत नाही. अर्थात हे माझं मत. तुमचं वेगळं असेल तर भांडू नंतर.

तुमचा पहिला प्रश्न: माणसाने माणसाला मारलं की मारणाऱ्याचंच शरीर बंद पडतं, मग शाळेतली मुलं गायब कशी होतात? अहो, माणूस मारतच नाही. त्यासाठी मांजरं पाळली आहेत. आणि कायद्याची बाजूही नीट बांधून घेतलेली आहे. वयाच्या १७ वर्षांपर्यंत मुलाला माणसाचे हक्कच नाहीत. तोमिको हे अशा सुरात सांगते की जणू गावच्या पाणीपट्टीचा नियम सांगतेय. एवढं ध्यानात ठेवा.

दुसरा प्रश्न: साकीचे पळून गेलेले मित्र मारिया आणि मामोरु, त्यांचं पोर गावात घुसून एवढी माणसं मारतं, त्याला काही कसं होत नाही? त्याला वाढवलं बाकेनेझुमींनी, म्हणजे माणसांची चाकरी करणाऱ्या त्या उंदरासारख्या बोलत्या प्राण्यांनी. ते स्वतःला त्यांच्यातलंच समजतं. शरीर बंद पडण्याची अट रक्ताची नाहीच, 'समोरचा माझ्या जातीचा आहे' असं मारणाऱ्याला वाटायला हवं, ही ती अट. म्हणून माणसं मारताना ते पोर ठणठणीत राहतं, आणि माणसाच्या वेशात आलेल्या किरोमारु या बाकेनेझुमी सेनापतीला मारल्यावर, तो खरा कोण हे दिसताच, जागच्या जागी कोसळतं.

आता हेच उलटं करून बघा. गावकरी बाकेनेझुमींना चिलटासारखे चिरडतात आणि संध्याकाळी व्यवस्थित जेवतात. शेवटी सातोरु गुणसूत्रांचं सांगतो. आफ्रिकेत बिळात राहणारा तो बिनकेसाचा उंदीर असतो, ज्यापासून हे झाले असं सगळे धरून चालले होते, त्याच्या ३० जोड्या. यांच्या २३. माणसाच्याही २३. ज्यांच्यात शक्ती नव्हती अशा माणसांना उंदरात मिसळून हे बनवले, कारण माणसासारखे दिसत राहिले असते तर त्यांना मारता आलं नसतं.

तुम्ही तक्त्याचा फोटो टाकलाय तो मोठा करून पाहिला. नीती समितीला रकाना आहे, शिक्षण समितीला आहे, मांजरांनासुद्धा आहे. बाकेनेझुमी 'इतर' मध्ये.

माझ्या वहीतही तसंच होतं. पण वहीपर्यंत राहिलं असतं तर एवढं लिहायला बसलो नसतो.

२०१४ साली पुण्यात आम्ही सहा जण एका मित्राच्या खोलीवर दर शनिवारी जमायचो. भिंतीवर पांढरी चादर, उसना आणलेला प्रोजेक्टर, आणि दर वीस मिनिटांनी बंद पडणारा स्पीकर. इंग्रजी सबटायटल्स भराभर जातात, सगळ्यांना झेपत नव्हती. मी म्हटलं, मराठीत मी करतो. इंग्रजीवरूनच अर्थात.

पहिलं माती खाणं असं. मनाच्या शक्तीला इंग्रजीत 'कॅन्टस' लिहिलेलं असतं. लॅटिन शब्द, अर्थ गाणं. मी ठोकून दिलं 'गानशक्ती'. तीन भाग पोरं विचारत होती, अरे पण गातंय कोण? मूळ शब्द 'जुर्योकु'. त्यातला 'जु' म्हणजे शाप, आणि बौद्ध ग्रंथांत मंत्रही. सरळ 'मंत्रशक्ती' म्हणायचं. देवळात पोरांना गुप्त मंत्र देतात तो 'शिंगोन', आणि असल्या विधीत पेटवतात तो अग्नी म्हणजे 'गोमा', आपला होमच, चीनमार्गे तिकडे पोचलेला. शब्द आपल्याकडून गेलेले आणि मी ते लॅटिनच्या दारात शोधत बसलो होतो. असो, यावर हसता येतं.

पुढचं हसण्यासारखं नाही. बाकेनेझुमीला इंग्रजीत 'क्वीअरॅट' केलंय, म्हणजे विचित्र उंदीर. मी लिहिलं 'घूस'. 'बाके' म्हणजे रूप पालटलेलं, भूत-पिशाच्च पालटतात तसं. मालिकेने सगळ्यात मोठं गुपित पहिल्यापासून नावातच ठेवलं होतं, ते मी गटारात सोडलं.

मग स्क्विलर आला, तोही बाकेनेझुमीच. जपानीत तो विलक्षण अदबीने बोलतो. माणसांना 'कामीसामा' म्हणतो, म्हणजे देव. लांबलचक, नेमकी, दरबारी वाक्यं. इंग्रजीत ती अदब निम्मी उडून जाते. मला वाटलं, हा नोकर, लाचार, जरा विनोदी. म्हणून मी त्याला गावाकडची बोली दिली. 'व्हय जी देवा', 'आमास्नी काय बी ठावं न्हाय'. नाटकात घरगडी बोलतो ना, तशी. साकी आणि सातोरु मात्र स्वच्छ सदाशिव पेठी.

आणि ते जमलं हो! खोलीत हशा. स्क्विलर चादरीवर आला की तोंड उघडायच्या आधीच पोरं हसायची. मलाही चढलं, मी प्रत्येक भागात दोन-चार 'जी' जास्त पेरायला लागलो. त्याने नंतर स्वतःच्या वसाहतीत सभा भरवली, राज्य चालवायची नवी पद्धत आणली, तिथेही माझं 'व्हय जी' चालूच.

२५वा भाग. गावावरच्या हल्ल्यामागचा स्क्विलर पकडला गेलाय, गाव जमलंय, खटला चाललाय. तो म्हणतो, आम्ही जनावरं नाही, तुमचे गुलामही नाही. विचारतात, मग कोण? तो म्हणतो, माणसं. सगळी सभा खदखदून हसते. मी खाली लिहिलं होतं, 'आमी मानसं हाय.' चादरीवर हशा झाला त्याच क्षणी खोलीतही झाला. पाच जण हसलो. मी धरून.

सहावा माण तालुक्यातला. भाग संपल्यावर त्याने दिवा लावला, चहाचे कप गोळा केले, मोरीत नेऊन ठेवले. परत येताना मला म्हणाला, "माझी आई अशीच बोलते रे."

बस, एवढंच. भांडला नाही. पुढच्या शनिवारी आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मी फोन करून माफी मागितली, तर म्हणाला, सोड रे, कार्टून तर आहे. दहा वर्षं झाली, लग्नाला बोलावलं तेव्हा आला, आहेर देऊन जेवून गेला. पण शनिवार गेले ते गेलेच.

तुम्ही पोस्टमध्ये विचारलंय की प्रेक्षकालाही संमोहित केलंय का. मला तर नीती समितीची गरजच पडली नाही, मी माझ्या हाताने, माझ्या भाषेत केलं, तेही पाच जणांना एकदम. मूळ मालिकेत त्या हशाला प्रेक्षक गप्प होतो, घशात काहीतरी अडकतं. आमच्याकडे एवढ्या भागांचा हसायचा सराव झालेला होता.

कुणी लगेच लिहील की स्क्विलर काय संत होता का. नव्हता. स्वतःच्या राणीच्या मेंदूची चिरफाड करून तिला नुसती पिल्लं जन्माला घालायला ठेवलं त्याने. मी त्याची पालखी उचलायला सांगत नाही. तक्त्यात रकाना द्या म्हणतोय.

आता तिसऱ्यांदा पाहणारच असाल (पाहणार आहातच, मी ओळखतो ही लक्षणं) तर दोन-तीन गोष्टी. सबटायटल्स बंद करून एखादा भाग नुसता ऐका. जपानीत माणसं मोजताना आकड्याला 'निन' लागतं, छोटे प्राणी मोजताना 'हिकि'. कोण कोणाला कशाने मोजतंय तिकडे कान ठेवा. भाषा न येणाऱ्यालाही हे पकडता येतं. दुसरं, संध्याकाळी पोरांना घरी बोलावणारी ती धून. ती द्वोर्झाक या चेक संगीतकाराच्या नवव्या सिम्फनीतल्या संथ भागाची, १८९३ची, आणि त्या सिम्फनीचं नाव 'नव्या जगातून'. मालिकेचं नावही तेच. जपानमध्ये पुष्कळ गावांत संध्याकाळी भोंग्यावर खरोखर ती वाजते. ती ऐकली की माझ्या पोटात अजून गोळा येतो, पण तो कदाचित माझा वैयक्तिक आजार असेल.

आणि कृपा करून 'शेवट समजावून सांगतो' छापाचे व्हिडिओ बघू नका. लाल बाण, वटारलेले डोळे, बारा मिनिटांत सगळं उलगडतात. त्यातल्या एकाने किरोमारुला स्क्विलरचा भाऊ करून टाकलं होतं. दोघे वेगवेगळ्या वसाहतींचे, एकमेकांचे वैरी! खाली प्रतिक्रियेत लिहिलं तर म्हणे तुमचा सिद्धांत तुम्ही मांडा. हा सिद्धांत नाही हो, डोळे उघडे ठेवून पाहणं आहे. मूळ कादंबरी २००८ची आहे, जपानी जमत असेल तर तीच धरा, हजार पानांना घाबरू नका. जमत नसेल तर मालिका पुरते. मीही कादंबरी तुकड्या-तुकड्यांतच वाचली आहे, शब्दकोश मांडीवर ठेवून.

मराठी सबटायटल्स हवीत असं तुम्ही शेवटी लिहिलंय म्हणून सांगतो. मी ती पुन्हा करायला घेतली आहेत, यावेळी जपानीवरून. घूस काढली, 'बाकेनेझुमी'च ठेवलंय. स्क्विलर आता 'आपण', 'आपली आज्ञा' असं बोलतो, आणि खरं सांगतो, तसा बोलला की त्याची भीती वाटायला लागते, पूर्वी कधी वाटली नव्हती. हव्या असतील तर व्यक्तिगत निरोप टाका, फायली पाठवतो. वेळ जुळत नसेल तर व्हिडिओ सेकंदाला २५ चौकटींचा आहे का बघा, माझ्या फायली २३.९७६च्या आहेत, प्लेअरमध्ये बदलता येतं. फक्त १६व्या भागापर्यंतच झालंय. त्यापुढे जुन्याच फायली जोडल्यात, तेव्हा १७व्या भागापासून स्क्विलर अचानक 'व्हय जी' म्हणायला लागला तर ते त्याचं नाही, माझं आहे.