विश्वासात वाढण्यासाठी देवावर प्रत्यक्षात अवलंबून कसे राहावे?

आपण विचारले आहे की, ख्रिस्ती विश्वासात वाढायचे असेल तर देवावर अवलंबून राहा असे सगळेच सांगतात, पण रोजच्या जगण्यात ते करायचे कसे? हा प्रश्न माझ्या एका जुन्या दुखण्यापाशी येऊन पोहोचतो, म्हणून उत्तर लांबणार आहे.

बारा वर्षे मी शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या बायबल-वर्गात, शिकवत होतो. प्रार्थना कशी करावी हे मुलांना सांगत होतो, परंतु स्वतःच्या गरजेसाठी देवापुढे हात पसरल्याचे मला आठवत नाही. नोकरी होती, प्रकृती ठणठणीत होती, आणि जे आपल्याला जमते ते देवाकडे कशाला मागायचे, अशी माझी समजूत होती. मग मणक्याचा क्षयरोग झाला आणि चार महिने अंथरुणाला खिळलो. कूस बदलायलाही पत्नीचा हात लागे. रोज सकाळी घ्यायच्या गोळ्या वर्षभराहून अधिक काळ चालणार होत्या.

मंडळीतील (चर्चमधील) एक वडील, म्हणजे पुढारी, तेव्हा प्रार्थनेसाठी नियमाने घरी येत. एके दिवशी त्यांनी बायबलमधील दुसरा इतिहास या पुस्तकातला सोळावा अध्याय काढून यहूदाच्या आसा राजाची गोष्ट वाचली. पायांचा रोग बळावला तेव्हा त्याने परमेश्वराकडे न वळता वैद्यांकडे धाव घेतली. “तुमचाही अर्धा विश्वास गोळ्यांवरच आहे,” असे म्हणून ते उठले. ते शब्द मला फार लागले, आणि पत्नीला न सांगता मी गोळ्या बंद केल्या. तीन आठवड्यांत ताप परतला, पाठीतली कळ पायात उतरू लागली. औषध मध्येच सोडले तर जंतू त्याला दाद देईनासे होतात हे मला ठाऊक होते; तरीही मी ते केले, कारण त्या तीन आठवड्यांत माझा सगळा भरवसा माझ्या विश्वासाच्या ताकदीवर होता. देवावर अवलंबून राहण्याच्या नावाखाली मी पुन्हा स्वतःवरच अवलंबून राहिलो होतो.

उपचार पुन्हा सुरू झाल्यावर पडल्या पडल्या मी बायबलमधील निर्गम या पुस्तकाचा सोळावा अध्याय वाचला. मान्ना, म्हणजे रानात इस्राएली लोकांना देवाने दिलेले अन्न, रोज पहाटे पडत असे, ऊन तापले की वितळत असे, आणि माणशी एक ओमर (तेव्हाचे एक माप) एवढाच तो गोळा करायचा होता. उद्यासाठी ठेवलेल्या मान्नात किडे पडत, अपवाद फक्त शब्बाथासाठी, म्हणजे विसाव्याच्या सातव्या दिवसासाठी, साठवलेल्याचा. देणारा देवच होता, पण तंबूतून उठून बाहेर जावे लागे आणि वाकून वेचावे लागे, व त्या वेचण्याला अविश्वास असे कोणी म्हटले नाही. सकाळची ती गोळी हा माझा ओमर होता. त्या दिवसापासून ती हातात घेऊन मी फक्त त्या एका दिवसापुरते बळ मागू लागलो.

आपणही तेवढेच करावे असे मला वाटते: कामाला हात घालण्यापूर्वी आजची एक नेमकी गरज नाव घेऊन मागावी, आणि मग काम झटून करावे. ख्रिस्ती सेवक जॉर्ज म्युलर यांनी 1836 मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे अनाथगृह सुरू केले. पैसा ते देवाकडेच मागत, कोणाही माणसापुढे हात पसरत नसत, मात्र हिशेब काटेकोर ठेवून दरवर्षी प्रसिद्ध करत.

आता आसाविषयी. त्याच अध्यायाच्या सुरुवातीला तो मंदिरातले सोने-रुपे काढून अरामाच्या राजाची मदत विकत घेतो, आणि परमेश्वरावर भिस्त का ठेवली नाहीस असे विचारणाऱ्या हनानी द्रष्ट्याला तुरुंगात टाकतो. वैद्य येतात ते नंतर. त्याचा दोष त्यांना बोलावण्यात नव्हता. परमेश्वराला विचारायचेच नाही ही त्याची सवय होती, आणि आजारातही ती सुटली नाही. प्रेषित पौलाने आपला सोबती लूक याला प्रिय वैद्य म्हटले आहे, हेही त्या वडिलांनी त्या दिवशी वाचायला हवे होते.

देव औषधाविना बरे करू शकत नाही, असे माझे म्हणणे नाही, आणि प्रत्येकाला आजारातूनच शिकावे लागते असेही नाही. पौलाने मात्र करिंथ येथील मंडळीला लिहिले आहे की, आसिया प्रांतात जगण्याचीही आशा सुटली, ती स्वतःवर नव्हे तर मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर भरवसा ठेवावा म्हणून. त्या वडिलांशी मी आजही हस्तांदोलन करतो, पण हा विषय आमच्यात अजून निघालेला नाही.