अलाइनमेंट करूनही गाडी डावीकडे का ओढते?

पुन्हा अलाइनमेंट (चाकांचे कोन नीट जुळवणे) करण्याआधी टायर थंड असताना चारही चाकांतील हवा तपासावी आणि चाचणी सपाट रस्त्यावर घ्यावी, कारण आपल्याकडे डाव्या बाजूला उतार असलेल्या रस्त्यावर किंचित ओढ स्वाभाविकच असते. त्यानंतर पुढचे दोन्ही टायर, त्यांची नक्षी एकाच दिशेने फिरण्यासाठी बनवलेली नसल्यास, आपसांत बदलून पाहावेत. ओढ उजवीकडे गेली किंवा नाहीशी झाली, तर दोष टायरचाच असतो, आणि ही बिनखर्चाची कसोटी मला सर्वांत मोलाची वाटते. गाडी केवळ ब्रेक दाबतानाच डावीकडे जात असेल, तर बहुधा उजव्या चाकाचा ब्रेक नीट पकडत नाही. ब्रेक न दाबताही डावे चाक उजव्यापेक्षा बरेच तापत असेल, तर अडकलेला कॅलिपर (ब्रेकचे पॅड चाकाच्या डिस्कवर दाबणारा भाग) त्वरित दुरुस्त करून घ्यावा.