पहिली सुरी करून घेताना

बाळा, अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. पगारातून पैसे बाजूला टाकून हातघडणीची सुरी करून घ्यायचं ठरवलंस, हे वाचून फार बरं वाटलं. दिवसाचे दहा-दहा तास किचनमध्ये उभं राहणाऱ्या माणसाने हातातल्या हत्याराचा विचार करायलाच हवा. पण सोबतचा फोटो पाहिला आणि लगेच लिहायला बसले. दहा इंची पातं, त्यावर लाटांची नक्षी, सांबरशिंगाची मूठ. कारागिराला आगाऊ रक्कम पाठवण्याआधी हे सगळं वाच.

मुठीचं आधी सांगते, कारण त्यात चर्चेला जागाच नाही. सांबर किंवा चितळाच्या शिंगाची खरेदी-विक्री वन्यजीव संरक्षण कायद्याने, म्हणजे १९७२ च्या कायद्याने, बंद आहे. शिंग जंगलात आपोआप गळून पडलेलं असलं तरी त्याचा व्यापार करता येत नाही. विकणारा काहीही सांगो. शिसवाची मूठ घे. लाकूड घट्ट, अंगचं तेलकट, ओल्या हातातही धरवतं. म्हशीचं शिंगही चांगलं.

आता नक्षी. दोन पोलादं घेतात, एक साधं जास्त कार्बनचं आणि दुसरं थोडं निकेल असलेलं. थरावर थर रचून भट्टीत पिवळंधमक होईतो तापवून ठोकून एकजीव करतात, घडी घालून पुन्हा ठोकतात. शेवटी पातं फेरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवलं की साधं पोलाद काळवंडतं, निकेलवालं पांढरं राहतं आणि लाटा उमटतात. याला दमास्कस म्हणतात. मुळातलं दमास्कसचं पोलाद वेगळं. ते आपल्या दख्खनच्या बाजूचं, मुशीत वितळवून वड्या पाडलेलं. निजामाबादजवळच्या कोनसमुद्रमला ते घ्यायला इराणचे व्यापारी येत. त्याची नक्षी पोलादाच्या पोटातूनच यायची. थरांची आजची पद्धत अमेरिकेत बिल मोरान यांनी १९७३ मध्ये सुरीकारांच्या प्रदर्शनात मांडली आणि तिथून ती सगळीकडे गेली. काम देखणं आहे आणि त्यामागची मेहनत खरी आहे, पण कांदा कापताना त्या लाटांचा काडीचाही उपयोग नाही. पहिल्या सुरीला साधं पातं घे. वाचलेले पैसे कारागिराच्या भट्टीला आणि घासकामाला जाऊ देत. सुरीची खरी किंमत तिथेच असते, आणि नेमकी ती फोटोत दिसत नाही.

त्याला पहिला प्रश्न विचार, पोलाद कोणतं? आपल्याकडे एन ३१ सहज मिळतं. ते बेअरिंगचं पोलाद, अमेरिकेत त्यालाच ५२१०० म्हणतात. कार्बन सुमारे एक टक्का, क्रोमियम दीड टक्का. स्वयंपाकघरातल्या सुरीला उत्तम. नाव न सांगता कुणी 'एकदम भारी माल आहे' एवढंच म्हणाला तर तिथे थांबू नकोस. दुसरा प्रश्न, पाणी कसं पाजता, म्हणजे पातं तापवून-विझवून कडक कसं करता? इथे नीट कान दे. तापवलेलं पोलाद सुमारे ७७० अंशांना चुंबकाला चिकटणं सोडतं. त्याच्या जरा वर नेऊन, मोजका वेळ तिथे धरून, पातं कोमट तेलात बुडवतात. त्या क्षणी ते इतकं ठिसूळ असतं की फरशीवर पडलं तर तुकडे होतील. म्हणून पुन्हा ओव्हनमध्ये, दोनशे अंशांच्या आसपास, दोन-दोन तास असं दोनदा ठेवतात. त्याने ठिसूळपणा उतरतो आणि रॉकवेलच्या मापात साठच्या आसपास कठीणपणा राहतो. मनापासून काम करणारा कारागीर हे विचारल्यावर खुलतो, तापमान आणि वेळ तोंडपाठ सांगतो.

कठीणपणा जितका जास्त तितकं चांगलं, असं मात्र समजू नकोस. गावाकडे घिसाडी रस्त्याकडेला भाता लावून ट्रकच्या कमानपाट्याचा कोयता ठोकून देतो. त्या पोलादात कार्बन कमी, आणि पाणी पाजूनही तो कोयता सुरीपेक्षा मऊच राखतो, कारण त्याचा घाव नारळावर पडायचा असतो. साठचा कोयता केला तर पहिल्याच घावाला धारेचा तुकडा उडेल. त्याचं कसब तुझ्या कारागिराहून कमी नाही, काम निराळं आहे.

माझी सुरी ज्याने केली, त्याच्या शेडमध्ये पाहिलेली एक गोष्ट सांगते. धार लागल्यावर त्याने बाकावर पितळेची एक बारीक सळई शिकंजात आडवी धरली. पातं तिच्यावर जवळजवळ सपाट टेकवलं, अंगठ्याने दाबलं आणि दिव्याच्या उजेडात सावकाश ओढत नेलं. जिथे सळई लागत होती तिथे धारेला बारीकसा फुगवटा येत होता, एक उजळ ठिपका धारेवरून पुढे सरकत होता, आणि सळई पुढे गेली की धार जागच्या जागी सरळ. धार वाकून तशीच राहिली असती तर पोलाद मऊ, तडकली असती तर फार कडक. टाचेपासून टोकापर्यंत त्याने दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि टोकाजवळच्या एका जागेशी थांबून पुन्हा पाहिलं. मी तिथेच ठरवलं की काम याच्याकडेच द्यायचं.

कारागिरांच्या जगात परीक्षाही अशाच असतात. अमेरिकेत १९७६ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीत दर्जा मिळवायचा तर स्वतः घडवलेल्या एकाच पात्याने लोंबता दोर एका घावात तोडायचा, जाड लाकडी फळी दोनदा आरपार तोडायची, त्यानंतर त्याच धारेने हातावरची लव उतरवून दाखवायची, आणि शेवटी पातं शिकंजात धरून नव्वद अंशांत वाकवायचं. तुझ्या सुरीला यातलं काही करायचं नाही. पण बघ, या परीक्षेत चकाकीला गुण नाहीत.

आता घासकाम. जपानमध्ये साकाईला व्यावसायिक आचाऱ्यांच्या सुऱ्या होतात, तिथे घडवणारा एक, पातं घासून धार काढणारा दुसरा आणि मूठ बसवणारा तिसरा. घासणं हा स्वतंत्र धंदा आहे, कारण सुरी चालते की अडते हे तिथेच ठरतं. पाठीकडे दोन-अडीच मिलिमीटर जाडी असली तरी चालेल, पण धारेच्या लगेच वर पातं पाव मिलिमीटरच्या आसपास हवं. याची पारख गाजरावर होते. जाड पातं गाजरात अर्ध्यावर जातं, मग पाचरीगत घुसतं आणि गाजर टक् आवाज करून फुटतं. फुटलेला काप हातात घेऊन बघ, कड खडबडीत असते. पातळ पात्याखाली तोच काप ओला, गुळगुळीत निघतो, आवाज फक्त पाटाचा. तुमच्या किचनमधल्या सुऱ्यांवर हे आजच करून बघ, म्हणजे कारागिराशी बोलताना काय मागायचं ते कळेल.

लांबी आठ इंच पुरे. तुमच्या किचनमध्ये एका टेबलाशी तिघं उभे असतात. मूठ तुझ्या पंजाच्या मापाची हवी, म्हणून कागदावर पंजा ठेवून पेन्सिलने रेघ मारून पाठव. पाठीच्या कडा गोल करून द्यायला सांग. पोतंभर कांदा कापल्यावर तर्जनीच्या बुडाला जो घट्टा पडतो तो या कडेमुळे. कारागिराला तुझं काम सांग: रोज काय कापतोस, किती, पाट कशाचा आहे, हात उजवा की डावा. दुसऱ्या कारागिराच्या सुरीचा फोटो पाठवून 'अशीच द्या' म्हणू नकोस. तो त्या माणसाचा अपमान आहे, आणि नक्कल नीट होतही नाही. भावात घासाघीसही नको. परवडत नसेल तर थांब, आणखी दोन पगार साठव. त्याने चार-सहा महिने लागतील म्हटलं तर तेवढे लागू देत.

सुरी हातात आली की पहिले काही दिवस तुला धास्ती वाटेल. एन ३१ स्टेनलेस नाही. कांदा, कैरी, टोमॅटो, लिंबू लागलं की पातं राखाडी होणार, मग निळसर, मग काळपट. आजीची विळी आठव. कैरी चिरून काळी पडलेली ती विळी कुणी फेकून दिली नव्हती. तो थर पात्याला राखतो, घासून काढायचा नाही. सुरुवातीला कापलेल्या कांद्यालाही काळपट कड येईल आणि लोखंडाचा वास मारेल. थर बसला की ते थांबतं. तांबडा गंज मात्र वेगळा, तो दिसला की खायच्या सोड्याने चोळून त्याच वेळी काढ.

वापरून झाली की धू, पूस, कोरडी कर, तिन्ही एका दमात. सिंकमध्ये भांड्यांखाली सुरी सोडणाऱ्याला मी कामावर ठेवत नसे, कारण खाली हात घालणाऱ्याची बोटं जातात. जून ते सप्टेंबर, त्यातून कोकणात किंवा मुंबईत असशील तर, रात्री पात्याला तेलाचं बोट फिरव. रोजच्या वापरात खोबरेल चालतं. महिनाभर ठेवून द्यायची असेल तर औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन बरं, ते खवट होत नाही. चामड्याच्या म्यानात कायमची ठेवू नकोस, चामडं ओल धरतं. फणस कापायचा असेल तर पातं आधी तेलाने माखून घे, नाहीतर चीक काढता काढता धार जाईल.

हाड, नारळ, बर्फात गोठलेलं मटण, लोणच्याच्या कैरीची कोय यांना ही सुरी लावायची नाही. त्यासाठी कोयता आहे, अडकित्ता आहे. कापताना पातं पिळू नकोस. चिरलेलं सरकवताना धारेने ओढू नकोस, पाठीने ओढ. पाट लाकडाचा किंवा रबराचा. काच, ग्रॅनाइटचा ओटा, स्टीलचं ताट यांच्यावर एकदा जरी सुरी चालवलीस तरी महिन्याची धार गेली. आणि किचनमध्ये कुणी 'जरा दे रे' म्हणालं तर नम्रपणे नाही म्हण. तो तिने डबा उघडेल.

धार लावणं दुसऱ्यावर सोडू नकोस, यावर माझा सगळ्यात जास्त भर आहे. सायकलवर चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याकडे विळी दे, कात्री दे, त्यात तो वाकबगार आहे. पण कोरड्या चाकावर पातळ सुरीची धार क्षणात तापते. पोलाद निळं दिसलं म्हणजे तिथलं पाणी उतरलं, ओव्हनमधली सगळी तपश्चर्या वाया. पाण्याचा दगड घे, हजार नंबरचा, आणि जमल्यास तीन हजारचा. दगडाला पाणी दाखव. पाठ इतकी उचल की पातं दगडाशी पंधरा अंशांच्या आसपास राहील, आणि तोच कोन धरून पुढे-मागे ने. घाई करू नकोस. एका बाजूने घासत राहिलास की दुसऱ्या बाजूला बोटाला बारीक खरखर लागते, कारखान्यात तिला बर म्हणतात. बोट धारेच्या रेषेत कधी फिरवू नकोस, पाठीकडून धारेकडे, पात्याबाहेर ने. ही खरखर टाचेपासून टोकापर्यंत सलग आली की मगच बाजू बदल. नवशिके इथेच चुकतात, खरखर येण्याआधीच बाजू बदलतात आणि मग दगडाला नावं ठेवतात. शेवटी दाब कमी करत करत ती काढून टाकायची, आणि चामड्यावर किंवा दुमडलेल्या वर्तमानपत्रावर पातं धार मागे ठेवून, पाठीच्या दिशेने ओढायचं. मग पिकलेल्या टोमॅटोवर सुरी नुसती टेकव आणि ओढ. दाब न देता साल कापली गेली तर झालं.

प्रवासाचंही लिहिते, कारण तू रात्री उशिरा घरी जातोस. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचं शस्त्र शस्त्र कायद्यात मोडतं, आणि सरकारने अधिसूचना काढलेल्या भागांत त्याला परवाना लागतो. घरगुती, शेतीच्या किंवा कारखान्याच्या कामासाठी बनवलेलं हत्यार त्यातून वगळलेलं आहे. तरी पुण्यात कोयते घेऊन दहशत माजवण्याचे जे प्रकार झाले, ते पाहता रात्री कुणी पिशवी तपासली तर तिथे कायद्याचा वाद घालत बसण्यात अर्थ नाही. पात्याला कव्हर, त्यावर कापड, पिशवीच्या तळाशी, आणि सोबत हॉटेलचं ओळखपत्र. विमानाने जाताना सुरी चेक-इनच्या सामानात.

एवढं वाचून अजूनही करून घ्यायची असेल, आणि घ्यावीस असंच मला वाटतं, तर कारागिराला आधी पोलादाचं आणि पाण्याचं विचार. त्याचं उत्तर मला पाठव, आपण दोघं वाचू. दगड मात्र आजच घे. सुरी यायला वेळ आहे, तोवर हात बसेल. पुढच्या सुट्टीला इकडे ये, आणि येताना तुमच्या किचनमधली सगळ्यात बोथट सुरी विचारून घेऊन ये.

तुझी,
मावशी