वीरगळ बघायला निघताय? मग एवढं ऐका

वीरगळ म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीसाठी उभारलेला कोरीव दगड. सुरुवात मोठ्या संग्रहालयापासून करू नका. आपल्याच तालुक्यातलं एखादं जुनं शिवमंदिर गाठा आणि आवाराबाहेर, पाराखाली, रस्त्याच्या कडेला बघा. अर्धवट पुरलेला, शेंदूर फासलेला उभा दगड दिसला की थांबा.

वीरगळ खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत वीर पडलेला किंवा लढताना दिसतो. शेजारी गाई असतील तर गोधन वाचवताना गेला असं समजा. मधे अप्सरा त्याला स्वर्गात नेतात, वर तो शिवलिंगाची पूजा करतो. चंद्रसूर्य म्हणजे ही कीर्ती ते असेतो टिकेल. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर ती सतीशिळा. गाढव आणि स्त्री कोरलेली असेल तर तो गधेगळ, दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी! अलिबागजवळ आक्षीचा जरूर बघा. मुंबईकरांनी बोरिवलीतलं एकसर सोडू नये. तिथल्या वीरगळांवर चक्क वल्ह्यांच्या गलबतांची लढाई आहे. मला महाराष्ट्रातले सगळ्यात देखणे तेच वाटतात.

सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा. तिरप्या उजेडात झिजलेलं कोरीवकामही उठून दिसतं. नाहीतर बाजूने विजेरी धरा. अक्षरं दिसावीत म्हणून खडू, पीठ, तेल काहीही लावू नका. शेंदूर तर मुळीच खरवडू नका, गावाचा तो देव असतो. आधी पारावरच्या आजोबांना विचारा, मगच फोटो काढा.