वॉटरमेकर घेताय? आधी वीज मोजा

वॉटरमेकर म्हणजे बोटीवर समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र. ते ताशी किती लिटर देतं, हा आकडा नंतर बघा. आधी रोजचं पाणी ठरवा. दोघं जण काटकसरीनं राहिले तर दिवसाला 30-40 लिटर पुरतात. मग प्रश्न विजेचा.

एनर्जी रिकव्हरीवालं (बाहेर जाणाऱ्या खाऱ्या पाण्याचा दाब परत वापरणारं) 12 व्होल्टचं यंत्र लिटरमागे साधारण 4-5 वॉट-तास खातं, म्हणजे 40 लिटरला 200 वॉट-तासांच्या आसपास. एवढं सोलरवर निभतं. साधा हाय-प्रेशर पंप स्वस्त आणि दुरुस्तीला सोपा, पण त्याला बहुधा जनरेटर लागतो. बोटीवर जनरेटर आधीच असेल तर मी बेधडक हाच घ्या म्हणेन.

मेम्ब्रेन (मीठ अडवणारी गाळणी) 2.5 इंच व्यासाची, प्रमाण मापाची असू द्या; कंपनीचं खास माप घेतलंत की कायमचे अडकलात. दाब सुमारे 55 बार ठेवा. पाणी थंड असलं की उत्पादन घटतं. ते भरून काढायला दाब वाढवणारा व्हॉल्व्ह आवळत बसू नका.

मेम्ब्रेन मरते ती क्लोरिननं आणि तेलानं. म्हणून बंदरात यंत्र चालवू नका. फ्लशचं (यंत्र आतून धुण्याचं) गोडं पाणी कार्बन फिल्टरमधूनच घ्या, कारण किनाऱ्यावर भरलेल्या पाण्यात क्लोरिन असतं. वापरानंतर दर वेळी फ्लश, आणि यंत्र काही आठवडे बंद राहणार असेल तर कंपनीनं सांगितलेलं पिकलिंग, म्हणजे मेम्ब्रेन टिकवणाऱ्या रसायनात ठेवणं (हो, लोणचंच!).

सुरुवातीचं पाणी बाहेर सोडा. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) 500 पीपीएमच्या खाली आला की मगच नळी टाकीत.