ख्रिस्ती घरात लहान मुलं असली की रोजचं जगणं कसं असतं? बाप्तिस्म्याच्या वेळी आईने काय करायचं असतं?

तुम्ही लिहिलंय की लग्न करून कॅथलिक कुटुंबात आलात, स्वतः ख्रिस्ती नाही, बाळ सहा महिन्यांचं झालंय, घरचे बाप्तिस्म्याची तारीख विचारतायत आणि पुढे रोज काय काय पाळावं लागेल ह्याचं टेन्शन आलंय. मी दोन लहान मुलांची आई, माहेर कॅथलिक आणि सासरी बरेचजण बाप्टिस्ट, म्हणजे ख्रिस्तीच पण वेगळ्या पंथाचे, त्यामुळे दोन्हीकडचं जवळून बघितलंय, त्यावरून सांगते.

पहिलं म्हणजे बाप्तिस्म्यात बाळ काहीच बोलत नाही, बोलतो आपण. फादर आईबाबांना विचारतात की मुलाला ह्या श्रद्धेत वाढवायची जबाबदारी तुम्ही घेताय, ह्याची तुम्हाला जाणीव आहे ना, मग गॉडपेरेंट्सना, म्हणजे मुलाच्या श्रद्धेसाठी आईबाबांच्या सोबतीला निवडलेल्या माणसांना, विचारतात की आईबाबांना मदत कराल ना, आणि मग सगळे हो म्हणतात. माझ्या मते पुढची सगळी वर्षं तो शब्द पाळण्यात जातात. नंतर पहिली कम्युनियन (चर्चमध्ये पहिल्यांदा पवित्र भाकर घेणं) येते, कन्फर्मेशन (बाप्तिस्म्यातली श्रद्धा पक्की करण्याचा विधी) येतं, तसतसं मूल तोच शब्द हळूहळू स्वतःच्या तोंडाने द्यायला लागतं. एवढं एकदा लक्षात आलं की बाकीचं आपोआप जागेवर बसतं.

तुमच्या बाबतीत महत्त्वाचं हे की तुम्हाला खोटं काही बोलावं लागणार नाही. कॅथलिक नियमाप्रमाणे बाळाच्या बाप्तिस्म्याला आईबाबांपैकी निदान एकाची संमती लागते आणि मूल त्या श्रद्धेत वाढेल अशी खरीखुरी आशा असावी लागते. विधीत जिथे आईबाबा आपला विश्वास बोलून दाखवतात तिथे जो पालक कॅथलिक नाही त्याने शांत राहिलं तरी चालतं, मुलाला ते शिकू द्यायला त्याची तयारी असली की पुरे. हे फादरना आधीच मोकळेपणाने सांगा, त्यांना ह्यात नवीन काही नसतं.

गॉडपेरेंट निवडताना मात्र घाई करू नका, इथे मला खूप पोटतिडकीने सांगावंसं वाटतं. निदान एक तरी कॅथलिक, कन्फर्मेशन झालेला, साधारणपणे १६ वर्षं पूर्ण केलेला हवा आणि तो बाळाचा स्वतःचा आई किंवा बाबा नसावा, हा झाला नियम. पण नात्यातला मान राखायचा म्हणून कुणाला उभं करू नका. जो माणूस मुलाच्या वाढदिवसाला आठवणीने फोन करेल, मूल पंधरा वर्षांचं झाल्यावर आपल्याशी बोलेनासं झालं तरी ज्याच्याशी बोलेल, असा माणूस बघा. माझ्या मोठ्याची गॉडमदर दर रविवारी त्याला फोन करून आज चर्चमध्ये काय ऐकलंस विचारते आणि त्याला तिला सांगायचं असतं म्हणून तो लक्ष देऊन ऐकतो.

विधी तसा छोटाच असतो. डोक्यावर पाणी, तेलाचा अभिषेक, पांढरं वस्त्र आणि पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, मोठ्या मेणबत्तीवरून पेटवलेली छोटी मेणबत्ती. ती मेणबत्ती कपाटात हरवू देऊ नका, आमच्याकडे दरवर्षी बाप्तिस्म्याच्या तारखेला पेटवतो आणि मुलांना त्या दिवसाचे फोटो दाखवतो, त्यांना ते वाढदिवसाइतकंच आवडतं.

आता नणंदेकडचं सांगते कारण तुम्हालाही असे नातेवाईक भेटतील. बाप्टिस्ट लोक तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करत नाहीत, त्यांचं म्हणणं की माणसाने स्वतः विश्वास ठेवून मग पाण्यात उतरावं. बाळ झालं की ते चर्चमध्ये समर्पण करतात, म्हणजे बायबलमध्ये हन्नाने आपल्या मुलाला, शमुवेलाला, देवाला वाहिलं तसं बाळ देवाच्या हाती सोपवतात आणि सगळी मंडळी प्रार्थना करते. आणि ऑर्थोडॉक्स ह्या आणखी एका ख्रिस्ती पंथाच्या चर्चमध्ये तर बाप्तिस्मा, तेलाचा अभिषेक आणि कम्युनियन हे सगळं तान्ह्या बाळालाच देतात. कोणाचं बरोबर ह्यावर जेवणाच्या टेबलावर वाद घालू नका, मुलं ऐकत असतात.

रोजचं म्हणाल तर खूप साधं आहे. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात लिहिलंय की ह्या गोष्टी घरी बसताना, वाटेने चालताना, झोपताना, उठताना मुलांशी बोला. म्हणजे वेगळा तास काढायची गरजच नाही, दिवस चाललाय त्यातच बोलायचं. जेवणाआधी दोन वाक्यं. शाळेत सोडताना कपाळावर क्रुसाची खूण. रात्री झोपताना आम्ही तीन गोष्टी करतो, आज कशासाठी थँक्यू, कुणाला सॉरी म्हणायचंय आणि कुणासाठी मागायचंय, मग सगळे मिळून 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणतो आणि दिवा बंद. धाकटी थँक्यूमध्ये कधी कधी चप्पल, मुंगी, पाऊस असं काय काय घेते आणि मी तिला अजिबात अडवत नाही कारण ती मनापासून म्हणत असते. पाच मिनिटांच्या वर नेऊ नका. लांबलचक कौटुंबिक प्रार्थनेत मुलं गुडघ्यांवर पेंगत असतात आणि प्रार्थना म्हणजे कंटाळा हे डोक्यात पक्कं बसतं, मग ते काढायला फार वर्षं लागतात.

रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, लहान मुलांना घेऊन करणं अवघड असतं हे खरं आहे. मागे बसलात तर मुलांना फक्त पाठी दिसतात, म्हणून पुढे बसा. वेदीवर काय चाललंय ते कानात हळू सांगत राहा, आता भाकर वर उचलतील बघ, आता घंटा वाजेल. रडलं तर बाहेर न्या आणि शांत झालं की परत आत या, बाहेर खेळायला मिळतं हे कळू देऊ नका. लोक वळून बघतील, बघू देत. बालकांना माझ्याकडे येऊ द्या असं येशूने शिष्यांना रागावून सांगितलं होतं, ते बायबलमधल्या मार्कच्या पुस्तकात दहाव्या अध्यायात आहे, आणि आवाज करणारं मूल चर्चमध्ये असणं हे चर्चचं भाग्य आहे असं मला मनापासून वाटतं.

वर्षाचं चक्र मुलांना सगळ्यात लवकर कळतं कारण ते डोळ्यांना दिसतं. नाताळच्या आधीचे चार रविवार आगमनकाळ, हिरव्या चक्रावर चार मेणबत्त्या, दर रविवारी एक जास्त पेटवायची. ह्याची गोष्ट मुलांना सांगा, १८३९ मध्ये जर्मनीत हॅम्बुर्गला योहान विखर्न नावाच्या पाळकाने गरीब मुलांसाठी चालवलेल्या घरात ही पद्धत सुरू केली, मुलं रोज विचारायची नाताळ कधी, म्हणून त्याने लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या, रोजची एक छोटी आणि रविवारची मोठी. माझी मुलं ही गोष्ट दरवर्षी परत ऐकतात.

उपवासकाळात, म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत (रविवार सोडून ४० दिवस), घरातलं कुणी लहानग्यांनाही उपास लावा म्हणालं तर सांगा की कॅथलिक नियमात मांस वर्ज्य करणं १४ पूर्ण झाल्यावर आणि उपास १८ पूर्ण झाल्यावर लागू होतो. लहानांना काहीतरी देऊ द्या, आपलं एक खेळणं, आपला वेळ, आजोबांना रोज एक फोन.

कठीण भाग पुढे येतो, मूल प्रश्न विचारायला लागतं तेव्हा. आमच्याकडे आजी आजारी असताना मुलं रोज रात्री तिच्यासाठी मागायची आणि आजी गेली. मोठ्याने विचारलं, आपण एवढं मागितलं तरी देवाने का नाही ऐकलं? मी त्याला देवाला ती जास्त आवडली वगैरे काही सांगितलं नाही, असल्या उत्तराने मूल देवालाच घाबरायला लागतं. मी म्हटलं मला माहीत नाही, मलाही खूप रडू येतंय, आणि मित्र लाजर वारला तेव्हा त्याच्या कबरेपाशी येशू स्वतः रडला ते वाचून दाखवलं, आणि मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत त्यानेही हा दुःखाचा प्याला टळू दे असं मागितलं होतं आणि तो टळला नाही, तेही सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला मग त्याला आपलं कळत असेल. आम्ही आजही आजीसाठी प्रार्थना करतो. तुम्ही ख्रिस्ती नाही म्हणून अशा वेळी काय बोलू असं वाटेल, पण मला माहीत नाही हे तुम्हीही तितक्याच खरेपणाने बोलू शकता आणि मुलाला जवळ घेऊ शकता.

पहिली कम्युनियन साधारण सात-आठ वर्षांच्या आसपास येते, त्याच्या आधी पहिलं कन्फेशन, म्हणजे फादरपाशी आपल्या चुका कबूल करणं. पूर्वी बऱ्याच ठिकाणी मुलांना दहा-बारा वर्षांपर्यंत किंवा आणखी थांबवायचे, १९१० मध्ये पोप पायस दहावे ह्यांनी आदेश काढला की साधारण सातव्या वर्षी मूल समजायला लागतं, तेव्हापासून द्या. तयारीच्या क्लासला शक्य तर नवऱ्याबरोबर तुम्हीही बसा, तुम्हालाही खूप काही कळेल. पांढरे कपडे, फोटो, पाहुणे हे सगळं होऊ द्या पण आदल्या आठवड्यात एक संध्याकाळ फक्त मुलासोबत काढा आणि त्याला काय वाटतंय ते विचारा. कन्फर्मेशनचं वय ठिकठिकाणी वेगळं असतं, तिथे मूल स्वतः उत्तर देतं, तुम्ही फक्त मागे उभ्या असता.

तूर्त एवढंच करा की तारीख ठरवायच्या आधी एका रात्री नवऱ्याबरोबर बसून बोला की रात्रीची प्रार्थना कोण घेणार, रविवारी कोण नेणार, तुमच्या माहेरचे सण बाळ कसे बघणार. मग दोघं मिळून फादरना भेटा, बऱ्याच चर्चमध्ये आईबाबांसाठी बाप्तिस्म्याआधी एखादी मीटिंग असते, तिथे तुमचे सगळे प्रश्न विचारा.