पाच हजार कोटी आले म्हणून पोराला शिडीवर चढवू नका

प्रश्न : मी एसटीत वाहक आहे. मुलगा बारावी सायन्स, ६१ टक्के. केंद्राने अग्निशमन दलांना पाच हजार कोटी दिलेत, मोठी भरती निघणार, असं क्लासवाले सांगतात. पर्मनंट सरकारी नोकरी, पेन्शन, वर युनियन. कुणी हात लावू शकत नाही. फायर सेफ्टी डिप्लोमाचे ४० हजार भरलेत. पण पोरगा मन लावत नाही. उंचीची भीती वाटते म्हणतो आणि दिवसभर मामाच्या गॅरेजमध्ये पडलेला असतो. त्याला चार शब्द समजावून सांगा.
– एक वडील, सोलापूर जिल्हा

उत्तर : दादा, मुलाला काय समजावू? त्याचं म्हणणं मला तुमच्याच पत्रातून नीट कळलं. कशाची भीती वाटते आणि कशात जीव रमतो, हे त्याने सरळ सांगितलंय. अठराव्या वर्षी एवढं स्वच्छ सांगणारी मुलं माझ्याकडे फार येत नाहीत. तुम्ही मात्र दोन्ही गोष्टी तक्रार म्हणून लिहिल्यात.

भीती सरावाने जाते, हे मान्य. पण सरावाला उभं राहायची इच्छा आधी त्याची हवी, बापाची असून भागत नाही. मुंबईच्या भरतीत उंचावरून खाली धरलेल्या जंपिंग शीटवर उडी मारून दाखवावी लागते, आणि तो सगळ्यात सोपा भाग, कारण खाली शीट असते. मे २०१५मध्ये काळबादेवीच्या गोकुळ निवासच्या आगीत मुंबई दलाचे चार अधिकारी गेले. नवखे नव्हते, वरिष्ठ होते. धुरात पुढे ब्रँच, म्हणजे पाण्याच्या पाइपाचं तोंड, धरलेल्या माणसाचा भरवसा मागे होज, म्हणजे तो पाइप, सांभाळणाऱ्यावर असतो. वडिलांनी फी भरली म्हणून आलेला मुलगा त्या मागच्या जागी मला नको वाटतो. त्याच्यासाठी नको आणि पुढच्यासाठीही नको.

आता ‘सरकारी नोकरी’. हा गैरसमज इतरांचा असता तर समजू शकलो असतो, पण तुम्ही एसटीतले! २०२१-२२चा तो लांबलेला संप एसटीचं राज्य सरकारात विलीनीकरण व्हावं यासाठीच होता ना? गाडीवर महाराष्ट्राचं नाव, पण पगार महामंडळाचा. अग्निशमन दलाचंही तसंच आहे. पोलिसांसारखं ते गृहखात्याच्या हाताखालचं एकच राज्यव्यापी दल नाही. ७४व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा नगरपालिकांच्या कामांत घातली, त्यामुळे शहरातला फायरमन महापालिकेचा किंवा नगरपरिषदेचा कर्मचारी असतो. त्याचं पद आकृतिबंधात, म्हणजे पालिकेच्या मंजूर पदांच्या यादीत, असावं लागतं आणि आकृतिबंधाला मंजुरी मंत्रालयातून लागते. वर आस्थापना खर्च, म्हणजे मुख्यतः पगारांवरचा खर्च, ३५ टक्क्यांच्या आत ठेवायची अट. ज्या पालिकेची घरपट्टीच वसूल होत नाही, तिथे जागा मंजूर असून रिकाम्या राहतात, नाहीतर कंत्राटी माणसं घेतली जातात. पाच हजार कोटींची केंद्राची योजना खरी आहे, २०२३ची. पण ती रक्कम सगळ्या देशासाठी आहे, महाराष्ट्रासारख्या राज्याला स्वतःचा २५ टक्के हिस्सा घालावा लागतो आणि पैसा जातो केंद्रं, साधनसामग्री, प्रशिक्षण यांवर. नवी गाडी येईल. ती चालवणाऱ्याचा पगार पालिकेनेच काढायचा. क्लासवाल्याने यातला पहिला आकडा तेवढा तुम्हाला ऐकवला.

पेन्शनचंही तेच. १ नोव्हेंबर २००५नंतर लागलेल्या राज्य कर्मचाऱ्यांनाच जुनी पेन्शन नाही. तीच मागायला ते मार्च २०२३मध्ये संपावर गेले होते. पालिकेच्या नव्या फायरमनला ती कुठून मिळणार?

युनियनबद्दल तुम्ही अर्धं बरोबर आहात. पोलिसांना कायद्याने संघटना करता येत नाही, पालिकेच्या फायरमनला करता येते. पदोन्नती, ड्यूटीचे तास, गणवेश यांसाठी त्या भांडतात आणि भांडायलाच हव्यात. पण सेवा अत्यावश्यक, त्यामुळे संपाची भाषा झाली की मेस्मा, म्हणजे अशा सेवांत संप रोखणारा कायदा, आहेच. आणि युनियनचं बळ मुख्यतः मंजूर पदावरच्या माणसामागे; कंत्राटी पोराला दारातून परत पाठवलं तर ती काय अडवणार!

भरतीचा रस्ता एका ओळीत : उंची आणि मैदानी चाचणी, आणि बहुतेक पालिकांना सांताक्रूझच्या राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा कोर्स लागतो. तुम्ही फी भरलेल्या डिप्लोमाला यातलं काय चालतं, ते क्लासवाल्याकडून लेखी घ्या. तोंडी ‘चालतं हो साहेब’ ऐकून परत येऊ नका.

मी असतो तर मुलाला आयटीआयला घातलं असतं. डिझेल मेकॅनिक एक वर्षाचा, मोटर मेकॅनिक दोन वर्षांचा. अग्निशमन दलात चालक-यंत्रचालक हे पद असतं. गाडी आणि पंप त्याच्या ताब्यात. जड वाहनाचा परवाना आणि अनुभव हातात आला की तो त्यासाठी अर्ज करू शकतो, त्याला वाटलं तर. नाही वाटलं तरी २००६च्या आग प्रतिबंधक कायद्याने काम निर्माण केलंय. मोठ्या इमारतींच्या मालकांना दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, घ्यावा लागतो, म्हणजे तळमजल्यावरचा पंप, हायड्रंट, स्प्रिंकलर चालू ठेवावे लागतात. पंप उघडून बसवता येणारा माणूस या एजन्सींना लागतोच. (फॉर्म बी कागदावरच उरकणारेही आहेत, तो वेगळा विषय.)

तेव्हा या आठवड्यात दोन कामं करा. क्लासमध्ये जाऊन फी परत मागा. पावती ठेवलीय ना? आणि रविवारी सुट्टी असेल तर तासभर मेहुण्याच्या गॅरेजमध्ये जाऊन बसा. पोराला काही विचारू नका, तो काय करतो ते बघा. मग हवं तर मला परत लिहा, आणि त्या पत्रात अर्धं पान त्याला लिहू द्या.